आमची हरकत नाही

माणूस कंपनीतून निवृत्त झाला की शेवटच्या पाळीनंतर त्याचा बिल्ला जमा करून घ्यायचा, हे माझं काम होतं. टाईम ऑफिसात मी तीस वर्षं काढली. पितळेचा गोल बिल्ला, त्यावर ठोकलेला नंबर. माणूस तो खिडकीतून आत सरकवायचा, मी फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचो आणि हजेरीबुकात त्याच्या नावापुढे लाल रेघ ओढायचो. आठ-पंधरा दिवसांत तोच बिल्ला घेऊन नवा कोणीतरी कामावर यायचा. काही जण खिडकीशी घुटमळत. एकजण म्हणाला होता, "भाऊसाहेब, आजच्या दिवस राहू द्या की माझ्याजवळ. उद्या आणून देतो." मी ठेवू दिला नाही. नियम तसा होता, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माझी वेळ आली तेव्हा माझ्याच हाताखाली तयार झालेल्या कारकुनानं माझा बिल्ला घेतला. तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलत होता, बोलता बोलता त्यानं हात पुढे केला. मी पहिल्यांदाच त्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो. लाल रेघ कधी ओढतोय हे बघायला थांबलो, पण मागे पाळी सुटलेल्या माणसांची रांग होती. बाजूला झालो.

आमची कंपनी म्हणजे कालव्याच्या पट्ट्यातला एक जुना खासगी साखर कारखाना. निम्मी माणसं नगर जिल्ह्याच्या कोरड्या बाजूनं आलेली, पाथर्डी, जामखेड, खर्ड्याकडची. पोरसवदा वयात आली आणि केस पिकेपर्यंत राहिली. पुरी नोकरी केलेल्याला कंपनी थोडी पेन्शन देई. त्या काळी आमच्या भागात खासगी नोकरीत हे अप्रूपच होतं. निवृत्त झाल्यावर बहुतेक जण आपापल्या गावी परत गेले. आम्ही पाच-सहा घरं मात्र जुन्या लाईनीतल्या क्वार्टरांत कंपनीच्या मेहेरबानीवर राहिलो. मला आणि बायकोला मूलबाळ नव्हतं, जायला दुसरी जागाही नव्हती.

माझ्यापासून दोन दारं सोडून आमचा जुना पॅनमन राहायचा. पॅनमन म्हणजे साखर शिजवणारा. रसाचा थेंब काचेवर घेऊन उजेडात धरायचा, दोन बोटांत चोळायचा आणि दाणा धरला की नाही ते सांगायचा. कारखान्याचा भोंगा झाला की हा म्हातारा डबा नसताना दारात येऊन उभा राहायचा. एकदा मी विचारलं, "कुठं निघालात?" तो म्हणाला, "कुठं न्हाई. पाय उठत्यात."

त्यातूनच ती कल्पना निघाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या पेन्शनरांनी जमायचं. जागा म्हणून साहेबांनी आम्हाला जुनं काटाघर दिलं. पूर्वी तिथं उसाच्या गाड्यांचं वजन व्हायचं. नवा काटा झाल्यापासून ती खोली बंदच होती. सगळ्यांचे पत्ते माझ्या हजेरीबुकात होते, तेव्हा पोस्टकार्डं लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पेन्शनर मंडळाचा सेक्रेटरीही मीच झालो. मी प्रत्येकाला तोच मजकूर न लिहिता दोन ओळी वेगळ्या लिहायचो. कोणाच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी, कोणाच्या दम्याची. माझं अक्षर चांगलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते हजेरीखेरीज दुसऱ्या कशाला वापरत होतो.

पहिल्या रविवारी तेवीस माणसं आली. कोणी येताना रिकाम्या हातानं आलं नाही. एकानं पहिल्या हंगामाचा फोटो आणला. त्यात साहेब खुर्च्यांवर आणि आमची माणसं खाली मांडी घालून बसलेली होती. फिटरनं जुना हातोडा आणला. पॅनमननं आपली ती काच आणली. आम्ही ती सगळी एका फळीवर मांडली. जुनी हजेरीबुकं मी रद्दीतून वाचवून ठेवली होती, ती खाली रचली. मग चहा झाला आणि सगळे एकदम बोलू लागले. बॉयलरवर आयुष्य गेल्यानं निम्म्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळं प्रत्येकजण ओरडून बोलत होता. बाहेरून जाणाऱ्याला भांडण लागलंय असं वाटलं असतं.

आमच्या कारखान्याची खरी ठेव मात्र काटाघराच्या मागे उघड्यावर उभी होती. उसाच्या मळ्यांतून कारखान्यापर्यंत पूर्वी छोटी रेल्वे होती. तिचं वाफेचं इंजिन, बैलगाडीहून थोडंसं मोठं, ट्रॅक्टर आल्यापासून रुळाच्या एका तुकड्यावर पडून होतं. ते चालवणारा ड्रायव्हर पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीचा. तो शनिवारीच निघायचा. पाथर्डीहून नगर, नगरहून एस.टी. बदलून संध्याकाळपर्यंत आमच्या दारात. पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि चिंचेचा गोळा. रविवारी उजाडताच तो चिंच आणि राख घेऊन इंजिनाकडे जायचा आणि पितळेचा प्रत्येक भाग घासायचा. सभा सुरू झाली तरी आत यायचा नाही. बोलावलं तर म्हणायचा, "तुमी बोला, मला ऐकू येतंय." माझ्या बायकोनं एकदा त्याला विचारलं, चालत नाही ते इंजिन इतकं कशाला घासता? तो म्हणाला, "वहिनी, म्हातारी मान्सं बी चालत न्हाईत. म्हनून काय अंघूळ घालायची न्हाई?"

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी आम्हा पेन्शनरांनाही बोलावणं आलं. नवे मॅनेजरसाहेब तरुण होते, बोलायला गोड होते. इंजिनाला हार घातलेला पाहून ते म्हणाले, "ही तर आपल्या कारखान्याची शान आहे. हिला गेटासमोर चौथरा बांधून बसवू. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं पागोटं काढून हातात घेतलं. दुपारी त्यानं आणि फिटरनं गेटासमोर जाऊन पावलांनी जागा मोजली आणि चुन्याची फक्की मारून चौथऱ्याची आखणी करून टाकली. पुढच्या महिन्यात फक्की पुसट झाली होती, त्यानं ती पुन्हा मारली. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

एकाहत्तरचा पाऊस जेमतेम झाला. बहात्तरचा आलाच नाही. कालव्याला पाणी सुटण्याच्या तारखा पुढे पुढे जाऊ लागल्या आणि मग कोणी तारखा सांगेनासं झालं. उभा ऊस वाळला, तो लोकांनी जनावरांना घातला. शेवटी जनावरंच छावणीत गेली. हंगाम सुरू झाला तो पंधरा-वीस दिवसांत आटोपला. भोंगा थांबला. पॅनमन पहिले काही दिवस त्या वेळेला दारात येऊन उभा राहायचा, मग तेही बंद झालं.

रविवारची माणसं आटू लागली. माझी काही पोस्टकार्डं परत आली, "मालक गावी नाही" असा शेरा मारून. कोणी लेकाबरोबर दुसऱ्या मुलखात गेलं, कोणी दुष्काळी कामावर. कंपनीची पेन्शनही तटली. हंगामच नाही तर कुठून येणार, असं ऑफिसातून सांगत. ड्रायव्हर मात्र येत राहिला. पिशवीतल्या बाजरीच्या भाकरी गेल्या आणि रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आल्या. चिंचही नसायची, नुसत्या राखेनं घासायचा.

आमच्या लाईनीचा नळ बंद झाला होता. बायकोला दोन मैलांवरच्या विहिरीवरून पाणी आणावं लागे. विहीर म्हणजे तळाशी साचलेला गढूळ ओलावा. वाटीवाटीनं भरून घ्यायचा. एकदा ती तिथंच घसरून पडली. हंडा सांडला नाही, याचंच तिला समाधान. पण त्यानंतर तिला कमरेत वाकता येईना, आणि मी हंडा उचलायला गेलो की माझी छाती भरून यायची.

माघ महिन्यात मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. पंख्याखाली बसवलं. समोर एक टाईप केलेला कागद होता.

"तुम्ही पेन्शनर मंडळाचे सेक्रेटरी ना?" ते म्हणाले. "कंपनीला जुनं भंगार काढायचंय. त्यात ते इंजिनही आहे. तसं ते कंपनीचंच आहे, तुम्हाला विचारायची गरज नाही. पण मागून कोणी बोंब मारू नये. एवढी सही करा."

मी वाचलं. मंडळाच्या वतीने आमची हरकत नाही, असं लिहिलं होतं.

"साहेब, चौथऱ्याचं ठरलं होतं," मी म्हणालो.

"ठरलं होतं. तेव्हा कालव्याला पाणी होतं." ते अगदी सहज बोलले, रागानं नाही. मग म्हणाले, "तुमच्या लाईनीला पाण्याचा टँकर सुरू करायचा विचार आहे. एक दिवसाआड. त्या क्वार्टर्स रिकाम्या करून घ्या असंही वरून पत्र आलंय. ते मी सध्या दाबून ठेवलंय."

ही एक गोष्ट दुसऱ्यासाठी, असं ते म्हणाले नाहीत. मला विचारायचं धाडस झालं नाही. मी म्हणू शकलो असतो की मंडळाला विचारतो, रविवारी सांगतो. कागद आठ दिवस टेबलावर राहिला असता तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण मला बायको विहिरीच्या पायरीवर दिसत होती. मी सही केली. अक्षर चांगलंच आलं.

टँकर तिसऱ्या दिवशी आला. इंजिन तोडायला माणसं पाचव्या दिवशी आली. गॅसनं कापत होती आणि मग घणाचे घाव घालत होती. आवाज माझ्या स्वयंपाकघरात येत होता. पॅनमन दारात आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, काय तोडत्यात?" मी सांगितलं. "आपल्याला कुनी इचारलं न्हाई?" मी म्हणालो, "मी काय करणार?" हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण त्याला कमी ऐकू यायचं, तो निघून गेला.

तोडणाऱ्यांच्या मुकादमाला विनवून मी इंजिनावरची पितळेची पाटी तेवढी मागून घेतली. मग ड्रायव्हरला पोस्टकार्ड लिहायला बसलो. तीन कार्डं फाडली. चौथ्यावर लिहिलं, "पाणीटंचाईमुळे या महिन्याची सभा रद्द. येण्याचे कष्ट घेऊ नयेत." त्याला वाचता येत नव्हतं. वाडीतले मास्तर त्याला कार्ड वाचून दाखवायचे. मास्तर बहुधा गावी गेले असावेत, कारण तो आला.

या वेळी तो शनिवारी न येता रविवारी दुपारी आला. आधी परस्पर इंजिनाकडे गेला होता. गेटावरच्या वॉचमननं त्याला सगळं सांगितलं, कागदाचंही. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला तेव्हा पिशवीतली राखेची पुडी त्यानं बाहेरच सांडून टाकली होती, हाताला राख होती.

"कागुद तुमी लिवला?"

"लिहिला नाही. सही केली."

"का?"

मी टँकरचं सांगितलं, क्वार्टरचं सांगितलं, बायकोच्या कमरेचं सांगितलं. बोलत राहिलो. तो ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "तुमी सही केली नसती तरी त्यांनी तोडलंच असतं."

"हो ना," मी म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं.

"मंग सही कशाला केली?"

बायकोनं तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. टँकरचंच पाणी. त्यानं तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सकाळपासून दोन एस.टी. बदलून, उन्हातून आलेला माणूस. त्यानं तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्यायला. नंतर "येतो वहिनी" असं फक्त तिला सांगून गेला. पाटी घरात ट्रंकेत होती. मी ती आणायला आत गेलो नाही.

त्यानंतर दोन महिने तो आला नाही. मी कार्डं टाकली, उत्तर नाही. चैत्रात एक दिवस पाटी धोतराच्या फडक्यात गुंडाळून मी एस.टी.नं पाथर्डीकडे निघालो. वाडीत त्याच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, सगळी रस्त्याच्या कामावर आहेत, खडी फोडायला.

ते काम दीड मैलांवर होतं. उघड्या माळावर, जिथवर नजर जाईल तिथवर माणसं बसलेली, बाया आणि पुरुष, प्रत्येकापुढे दगडाचा ढीग. हातोड्यांचा आवाज एकसारखा चाललेला. झाड नाही. मी ओळीनं बघत चाललो. हजेरी घेणारा कारकून माणूस कसा बघतो तसा. तो मला तरीही ओळखू आला नाही, त्यानंच हाक मारली.

"भाऊसाहेब, हिकडं कुठं?"

त्याच्या एका डोळ्यावर मळकी पट्टी होती. खडीची कपची उडाली होती. शेजारी त्याची सून हातोडा चालवत होती, ती थांबली नाही. मी त्याच्यासमोर उन्हात बसलो. काय बोलायचं ते एस.टी.त ठरवून आलो होतो, त्यातलं काही आठवेना. फडकं सोडलं आणि पाटी त्याच्या हातात दिली.

त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिलं. त्यानं ती उलटीपालटी केली, अंगठ्यानं अक्षरं चाचपली आणि सुनेला म्हणाला, "हे बघ. मी सांगत हुतो ना? माजं नाव हाय हितं. पयला विंजिनेर साहेब म्हनला हुता, तुजं नाव घातलंय म्हनून." मग पाटी माझ्याकडे केली. "वाचून दावा, भाऊसाहेब. हिला खरंच वाटत न्हाई कदी."

सुनेनं हातोडा थांबवला.

पाटीवर इंग्रजीत बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, परदेशातल्या गावाचं नाव, इंजिनाचा नंबर आणि साल. कोणा साहेबानं कधीकाळी थट्टा केली होती आणि हा माणूस तीस वर्षं ती अक्षरं चिंचेनं घासत आला होता.

मी ठरवलं होतं की याच्याशी पुन्हा खोटं वागायचं नाही. एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. मी पाटीवर होतं ते वाचलं.

"आन् माजं नाव?"

"नाही. एवढंच आहे."

"येवढंच व्हय?"

"हो."

सून पुन्हा खडी फोडायला लागली. थोड्या वेळानं कामावरचा मुकादम ओरडला, मजुरांना खायला मिळणाऱ्या सुकडीचं वाटप सुरू झालं होतं. माणसं भांडी घेऊन उठली. तोही उठला. जाताना पाटी त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "घरात ठिवून काय करू." मी म्हणालो, "डोळ्याला दाखवा कोणाला तरी. नगरला या, मी येतो बरोबर." तो "बरं" म्हणाला आणि रांगेत जाऊन उभा राहिला. मी बराच वेळ तिथं बसलो. तो रांगेतून पुढे पुढे सरकत गेला, मग गर्दीत कुठला तो हे कळेना.

परतताना एस.टी.त मला पहिल्यांदा लख्ख कळलं की मी काय केलं. खरं सांगायला हवं होतं तेव्हा तोंड मिटून सही केली, आणि एक नाव वाचून दाखवलं असतं तर कोणाचंही काही बिघडणार नव्हतं, तिथं खरेपणा केला. मला त्याचं नाव पाठ होतं. तीस वर्षं हजेरीला रोज लिहिलं होतं मी ते.

आषाढात त्याच्या मुलाचं कार्ड आलं. दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. वडील वारले, डोळ्याचं दुखणं आत गेलं, कळावे. कंपनीत कळवून राहिलेली पेन्शन मिळते का पाहावे, अशी विनंती खाली होती. मी ऑफिसात गेलो. माझ्या जागेवरच्या कारकुनानं अर्ज ठेवून घेतला.

त्या वर्षी पाऊस झाला. कालव्याला पाणी आलं, पुढे हंगामही सुरू झाला, भोंगा वाजू लागला. टँकर त्याआधीच बंद झाला होता. बायकोची कमर काही सरळ झाली नाही. क्वार्टर रिकामी करण्याचं पत्र दिवाळीनंतर आलं. मॅनेजरसाहेबांची बदली झालेली होती आणि नव्या साहेबांना जुनं काही माहीत नव्हतं. मी त्यांना काही सांगितलंही नाही. सांगण्यासारखं माझ्या हातात काय होतं?

पोस्टकार्डं मी आषाढापासून लिहिली नव्हती. एका पहिल्या रविवारी पॅनमन एकटाच काटाघराच्या पायरीवर येऊन बसलेला दिसला. मी जाऊन शेजारी बसलो. त्यानं विचारलं, "कोन कोन गेलं?" मी नावं सांगितली. प्रत्येक नाव दोनदा, मोठ्यानं. तो मान हलवत राहिला. ड्रायव्हरचं नाव घेतल्यावर म्हणाला, "तो तर आत कधी बसलाच न्हाई आपल्यात." नंतर त्याचा मुलगा त्याला पुण्याला घेऊन गेला.

आम्ही नगरला एका खोलीत आलो. निघायच्या आदल्या दिवशी कंपनीचा शिपाई काटाघराची किल्ली मागायला आला. खोली गोदामाला लागणार होती. मी विचारलं, "आतलं सामान?" तो म्हणाला, "साहेब बघतील." मी किल्ली दिली. फोटो, हातोडा, पॅनमनची काच, हजेरीबुकं, सगळं आतच होतं. मी एखादी वस्तू उचलून आणू शकलो असतो, शिपाई माझ्या ओळखीचा होता, नाही म्हणाला नसता. पण कोणासाठी आणायची, हे मला सुचेना. घरी येऊन बायकोबरोबर भांडी बांधत बसलो.